उजेडापुरती खुर्ची

समोरच्या मेपलची पानं तांबडी व्हायला लागली की आमच्या टीव्हीवर वर्गणीचे दिवस येतात. गावाकडं गणपती जवळ आला की मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहायची, तसंच हे. माझी लेक रूपा ज्या चॅनलवर काम करते ते लोकांच्या वर्गणीवर चालतं. त्यावर साबणाच्या आणि गाड्यांच्या जाहिराती नसतात. म्हणून पानगळ सुरू झाली की तिथली कोट घातलेली, चांगली शिकलेली माणसं रंगात आलेला कार्यक्रम मध्येच थांबवतात आणि हसत हसत पैसे मागतात. वर्गणी दिली की कापडी पिशवी मिळते, नाहीतर कप. आमच्या घरात त्या कपांची दाटी झाली आहे. एकात मोहरी असते, एकात पेनं, एकात किल्ल्या.

"आपल्याच पोरीला बघायला आपणच वर्गणी द्यायची," आमचे हे म्हणतात, "असला धंदा उभ्या जन्मात बघितला नाही." म्हणतात, आणि दर वर्षी देतात.

वर्गणीचं मला काही वाटत नाही. मला धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची. या दिवसांत ते लोक जुने गाजलेले कार्यक्रम पुन्हा लावतात, आणि रूपाचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम म्हणजे तिनं घेतलेली आमच्या ओळखीच्या मालतीताईंची मुलाखत. म्हणजे दर पानगळीला मालतीताई पुन्हा टीव्हीवर येतात, माझ्या घरात, माझ्या खिडकीच्या पडद्यापुढं, माझ्या खुर्चीत बसतात आणि माझ्या लेकीला आपला जन्म सांगतात. रूपा पुढं वाकून ऐकते. आणि दर वर्षी माझ्या पोटात तसंच दुखतं, जसं पहिल्यांदा दुखलं होतं. याला हेवा म्हणतात हे मला माहीत आहे. गोड नाव देऊन काही उपयोग नाही.

रूपा आमची एकुलती एक. इथंच जन्मली, या एडिसन गावातच वाढली. टीव्हीवर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा बर्फात उभी होती, कानटोपी घालून, आणि कुठला तरी रस्ता बंद आहे एवढंच सांगत होती. ह्यांनी सगळ्या ओळखीच्यांना फोन केले. मला तिचं लाल झालेलं नाक तेवढं दिसलं. पुढं तिला तिचा स्वतःचा अर्धा तास मिळाला. मागे काळा पडदा, दोन खुर्च्या, मध्ये पाण्याचे दोन ग्लास. बाकी काही नाही. तिच्या समोरच्या खुर्चीत आजवर कोण कोण बसलं! एक जज बसले. मासे पकडणारा एक म्हातारा बसला, त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी होती. आगीत नवरा गेलेली एक बाई बसली. ती बोलता बोलता थांबली तेव्हा रूपानं प्रश्न विचारला नाही, टिशूचा डबा पुढं केला, आणि नुसती बसून राहिली.

मला त्या टिशूच्या डब्याचा हेवा वाटला होता. खरंच वाटला.

तिचं इंग्लिश मला सगळं समजत नाही. मी गावच्या शाळेत चौथी शिकले. पाचवी ओढ्याच्या पलीकडच्या गावात होती, तिकडं मुलींना पाठवत नसत. इथं येऊन दुकानांच्या पाट्या वाचता येतात, औषधाच्या बाटलीवरचं लागतं, तेवढंच. पण टीव्हीवर मी तिचे शब्द ऐकत नाही. मी तिला बघते. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं की ती केस कानामागं सारते. कंटाळली की पाण्याचा घोट घेते. आणि मनापासून ऐकत असली की मान डावीकडं कलते आणि खालचा ओठ जरासा सुटतो. तो सुटलेला ओठ दिसला की मी टीव्हीपुढून उठून स्वयंपाकघरात जाते. काहीतरी काम काढते.

कारण ते तोंड आधी माझं होतं.

ती पोटात असताना आम्ही या देशात आलो. ह्यांचे थोरले भाऊ इथं होते, त्यांनी बोलावून घेतलं. हे एका कारखान्यात लेथवर लागले. आमचं तेव्हाचं घर म्हणजे वरच्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक मोठी खिडकी. खिडकीबाहेर असंच एक मेपलचं झाड. रूपा काही महिन्यांची होती आणि आयुष्यातली पहिली पानगळ मी बघत होते. आमच्याकडं पानं गळतात ती वाळून, कुणाच्या लक्षातही न येता. इथं झाड पेटल्यासारखं होतं आणि मग वारा आला की उधळून जातं. घरात बोलायला माणूस नव्हतं. हे सकाळी जायचे ते दमून यायचे. शेजारणी भेटल्या की हसायच्या, मीही हसायचे, आणि लाजून दार लावून घ्यायचे. मग मी रूपाला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहायचे आणि पानांना गावातल्या माणसांची नावं द्यायचे.

"ही बघ गोदाक्का निघाली बाजाराला. आज आठवडी बाजार आहे ना! हा दगडूमामा, पटका सोडला बघ त्यानं. आणि ही कासारणीची सुंदरी, हिला कुठंच घाई नाही, कशी गिरक्या घेत चाललीय."

ते पोर बघायचं माझ्याकडं. झाडाकडं नाही, माझ्या तोंडाकडं. मान डावीकडं कललेली, ओठ सुटलेला, त्यातून लाळ गळतेय. मी थांबले की हातानं माझ्या हनुवटीला मारायची. पुढं सांग म्हणायची ती. तेवढं मन लावून माझं कुणीच कधी ऐकलं नव्हतं, माझ्या आईनंही नाही. मी लाजाळू बाई, पण त्या एका पानगळीत मी जेवढं बोलले तेवढं त्याच्या आधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही.

मग ती शाळेत गेली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मग मी विचारणंच कमी केलं. पण दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या मीटिंगला तीच माझी जीभ होती. डॉक्टरीणबाई विचारायची, ही मान वर करून मला सांगायची, "आई, ती विचारते कुठं दुखतं." मी पोटावर हात ठेवायचे. "असं नाही चालत, आई. कसं दुखतं? कधी? जेवल्यावर की आधी?" डॉक्टरीण थक्क व्हायची. हिनं विचारलेलं तिनंही विचारलं नसायचं. आता लोक रूपाला विचारतात, तू हे कुठं शिकलीस, तेव्हा ती कॉलेजचं नाव घेते. बरोबरच आहे. कॉलेजला कागद मिळतो. पोटदुखीला काय मिळणार?

एकदा ती ह्यांना समजावून सांगत होती की त्यांच्या कामात पहिला नियम काय. "बाबा, हो किंवा नाहीत संपणारा क्वेश्चन विचारायचाच नाही. तिथं दार बंद होतं." मी चपात्या लाटत होते. माझ्या मनात आलं, मी तर फोनवर तिला रोज एकच विचारते. जेवलीस का? हो आई. झालं. दार बंद.

आता त्या पानगळीचं. काही वर्षं झाली त्याला. रूपा एका रविवारी आली आणि जेवताना म्हणाली की तिचे नवीन कार्यक्रम आईपणावर आहेत. दुसऱ्या देशांतून इथं आलेल्या आया. एक मेक्सिकोची, एक पोलंडची, एक व्हिएतनामची. "आणि एक आपली," ती म्हणाली, आणि आमटीची वाटी पुढं केली. मी वाढलं. थोडी आमटी ताटात सांडली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझी हिरवी इरकल काढली. इस्त्री केली. आरशापुढं उभी राहून पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन बघितला, मग एका खांद्यावर. मला टीव्हीवर यायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. कॅमेऱ्यापुढं माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता. मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा माझ्यासमोर तसं बसावं, मान कलती करावी आणि मला काहीतरी विचारावं.

तिनं मालतीताईंना विचारलं.

मालतीताई आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहतात. नागपूरच्या, एम.ए. झालेल्या, इथल्या गावच्या लायब्ररीत नोकरी केलेल्या. बाई वाईट नाही, हेच तर अवघड आहे. वाईट असती तर सोपं गेलं असतं. हसल्या की गालाला खळी पडते. इंग्लिश बोलतात ते पाण्यासारखं. रूपा लहानपणापासून त्यांना मावशी म्हणते, पुस्तकं त्यांच्याकडून आणायची.

"आमच्याकडे रूल आहे, आई," रूपानं मला सांगितलं. "फॅमिलीतल्या कुणाला घेता येत नाही. लोक म्हणतील, हिनं घरच्यांनाच आणून बसवलं."

"मी कुठं काय म्हटलं?" मी म्हणाले.

"आणि तू बोलणार होतीस होय?" हे हसले. "बँकेत तुझं नाव विचारलं तरी माझ्या तोंडाकडं बघतेस."

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. इरकल मी घडी करून परत ठेवली. नियम असेलही. पण नियम सांगताना तिच्या आवाजात थोडा सुटल्यासारखा मोकळेपणा होता, असं मला वाटलं. हेवा झाला की माणसाला काहीही ऐकू येतं.

आणि मग जखमेवर मीठ. मालतीताईंचं घर रेल्वेलाईनीला लागून. गाडी गेली की त्यांच्या कपाटातल्या बशा वाजतात. तिथं मुलाखत घेता येईना. रूपाचा फोन आला, "आई, आपल्या घरी करू का? तुझी समोरची खोली किती शांत आहे."

मी हो म्हणाले. काय म्हणणार?

त्या दिवशी सकाळपासून माझं घर माझं राहिलं नाही. काळ्या पेट्या आल्या, वायरी आल्या, लोखंडी काड्यांवर मोठे दिवे आले. सोफा सरकवला. देवाचा फोटो चमकतो म्हणून काढून पलंगावर ठेवला, त्याला मी आधी नमस्कार केला. शेजारच्या अंगणात माळी यंत्रानं पानं उडवत होता, त्या घरघरीपायी एक जण जाऊन त्याला थांबवून आला. आवाज बघणारी एक मुलगी होती, कानाला मोठे डबे लावलेली. ती सरळ स्वयंपाकघरात आली, फ्रिजची पिन काढली, आणि आपल्या गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवल्या. मी रूपाकडं बघितलं.

"फ्रिज गुणगुणतो ना, आई, तो टेपवर येतो," ती म्हणाली. "आणि जाताना परत चालू करायला विसरू नये म्हणून किल्ल्या आत. किल्ल्यांशिवाय घरी कशी जाईल?"

मला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढं एकच.

मालतीताई यायच्या होत्या. दिवे लावून झाले, पण खुर्चीत कुणी माणूस बसल्याशिवाय उजेड नीट बसवता येत नाही म्हणे. उजेडवाल्यानं इकडंतिकडं बघितलं आणि रूपाला काहीतरी विचारलं. रूपा माझ्याकडं वळली.

"आई, दोन मिनिटं बसतेस? नुसतं लाइट्ससाठी."

मी घरातल्या साडीत होते. हाताला पीठ होतं. मी बसले. माझीच खुर्ची, पण त्या दिव्यांपुढं परकी वाटली. तो उंच माणूस माझ्या तोंडाकडं बघून दिवा वर करायचा, खाली करायचा, एक पांढरा पडदा गालाजवळ धरायचा. माझ्या आयुष्यात एवढा वेळ माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नव्हतं. आवाजाच्या मुलीनं पदराला आवाज पकडणारा एक काळा मणी लावला. रूपा समोरच्या खुर्चीत बसली, गुडघ्यावर कागद घेऊन. तिचं लक्ष कागदात होतं.

"आई, आज सकाळी काय खाल्लंस?" ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं की हे ते सगळ्यांना विचारतात. जजला, गव्हर्नरला, सगळ्यांना. आवाज किती वर-खाली होतो ते बघायला. मला वाटलं तिनं मला विचारलं.

"रात्रीची चपाती," मी म्हणाले. "चहात बुडवून."

आवाजाच्या मुलीनं अजून, अजून असा हात केला.

"अजून बोल," रूपा म्हणाली. डोळे अजून कागदातच.

आणि मी बोलले. काय झालं मला कळत नाही. खिडकीतून समोरचं झाड दिसत होतं, त्या उजेडात माझे हात कुणा दुसरीचे वाटत होते. मी म्हणाले, तू लहान होतीस तेव्हाही मी हेच खायचे, चहात बुडवलेली चपाती, आणि त्यातला मऊ तुकडा तुझ्या तोंडात द्यायचे. खिडकीत उभी राहून. तेव्हा या गावात मला बोलायला कुणी नव्हतं. तू होतीस. तुला मी पानांची नावं सांगायचे. गोदाक्का बाजाराला निघाली, दगडूमामाचा पटका सुटला, कासारणीची सुंदरी गिरक्या घेत चालली. तुला काय कळत होतं? पण तू ऐकायचीस.

रूपानं मान वर केली. कागद तिच्या गुडघ्यावरून सरकून खाली पडला, तिनं उचलला नाही. उजेडवाला म्हणाला, झालं, छान आहे. रूपानं त्याच्याकडं न बघता एक बोट वर केलं. थांब.

"मग?" ती मला म्हणाली.

मान डावीकडं कलली होती. खालचा ओठ सुटला होता.

तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि मालतीताई आल्या. मोरपिशी रेशमी साडी, केसांत पांढरं फूल. सगळे उभे राहिले. रूपा "मावशी, कम कम" म्हणत पुढं झाली. मी काळा मणी काढून आवाजाच्या मुलीच्या हातात दिला आणि उठले. मालतीताई बसल्या आणि हसून म्हणाल्या, "अगं, खुर्ची गरम आहे! कोण बसलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "उजेडासाठी."

पुढची मुलाखत मी स्वयंपाकघरातून ऐकली, बंद फ्रिजला पाठ लावून. दहीही ऐकत असेल. मालतीताई चांगल्या बोलल्या. सुरुवातीला हवापाणी झालं, नोकरी झाली. आणि मग रूपानं विचारलं, पहिल्या दिवसांत तू बोलायचीस कुणाशी? हे इंग्लिश मला समजलं. शब्दन् शब्द समजला. कारण तो प्रश्न तिच्या कागदावर नव्हता. तो तिनं माझ्या खिडकीतून उचलला होता.

मालतीताई म्हणाल्या की घरात एखादा आवाज असावा म्हणून त्या सकाळी सीरियलच्या, म्हणजे दुधात घालून खायच्या लाह्यांच्या, खोक्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचायच्या. साखर किती, मीठ किती. लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. त्याच्यावरून त्यांना अजून फोन येतात. वर्गणी मागणारी माणसं कार्यक्रम थांबवतात तेही बरोबर तिथंच, खोक्याच्या नंतर, लोकांचे डोळे ओले असताना.

माझ्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी हात वर केला नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं ते दिलं आणि साहेबांनी तिची पाठ थोपटली. तिचा राग मला कित्येक वर्षं होता. तिचं काय चुकलं होतं?

शेवटी सगळे जागच्या जागी थांबले. मला वाटलं काही बिघडलं. रूपा दारातून हळूच म्हणाली, "आई, आता थोडा वेळ कुणीच हलायचं नाही. खोलीतली शांतता रेकॉर्ड करतात." बोलण्याच्या मध्ये मध्ये जिथं कापावं लागतं तिथं ती शांतता भरतात म्हणे. मी ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या घराची शांतता मला चांगली माहीत आहे. तीत माझा श्वासही असणार. आता दर वर्षी मालतीताई बोलायच्या थांबतात तेव्हा मी कान देऊन ऐकते. खुर्ची माझी, त्यांच्या गालावरचा उजेड माझ्या गालावर बसवलेला, शब्दांच्या मधली शांतता माझी. मधले शब्द तेवढे त्यांचे. तेवढ्यासाठीच जग टीव्ही लावतं, हे मला कळतं. कळल्यानं दुखायचं थांबत नाही.

त्या "मग?"चं उत्तर राहून गेलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढं गणपती आले, गेले, तिच्या कामाची धावपळ वाढली, आणि आम्ही परत जेवलीस का, हो आई, यावर आलो.

यंदा पानं लवकर तांबडी झाली. या आठवड्यात एका सकाळी मालतीताईंचा फोन आला.

"शालन, फार वाईट झालं गं रूपाचं," त्या म्हणाल्या. "इतका चांगला कार्यक्रम, आणि बंद करतायत. वर्गणी पुरत नाही म्हणे, सरकारचाही पैसा आटला. काल किती वेळ बोलत होती माझ्याशी."

मला काहीच माहीत नव्हतं.

"हो ना," मी म्हणाले. "वाईटच झालं."

फोन ठेवला आणि मी ह्यांना सांगितलं. ते टीव्हीपुढं बसले होते, टीव्ही बंद होता. "तिला कळलं आणि आपल्याला नाही?" एवढंच म्हणाले. मी भांडी घासायला घेतली, घासलेली परत घासली. आणि खरं लिहायचं तर, त्या रागाच्या तळाशी एक बारीकसा आनंद होता. आता ती खुर्ची रिकामी होणार. आता जज येणार नाहीत, मासेवाला येणार नाही, मालतीताईही दर वर्षी येणार नाहीत. आता कदाचित माझी पाळी येईल. लेकीचं एवढं मोठं काम बुडत होतं आणि आईच्या मनात हे. माझी मलाच भीती वाटली.

शनिवारी दुपारी रूपा आली. गाडी पानांवरच लावली. आत आली, किल्ल्या सवयीनं कपात टाकल्या, "हाय आई," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मी कपातून तिच्या किल्ल्या उचलल्या. फ्रिज उघडला, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवल्या, आणि मागं हात घालून पिन काढली. घर एकदम गप्प झालं. इतकी वर्षं तो आवाज होता हे तो थांबल्यावर कळतं.

"हे काय करतेस?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर जाऊन पानं गोळा करा," मी म्हणाले. "आणि यंत्रानं नको. झाडूनं."

माझा आवाज ऐकून ते खरंच गेले.

रूपा बाहेर आली. कपाकडं हात गेला. "आई, माझ्या कीज?"

"फ्रिजमध्ये आहेत."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, मोठ्यानं, आणि हसता हसता तिचं हसू कुठंतरी वाटेत राहिलं. मी खुर्ची दाखवली. ती बसली. तिचे डोळे सुजलेले होते आणि उन्हाची तिरीप बरोबर त्यांच्यावर येत होती. मी पडदा थोडा ओढला, परत थोडा सोडला. ऊन डोळ्यांवरून गालावर आलं तेव्हा थांबले. मग तिच्या समोर बसले. पोटची पोर, तरी मी पदर नीट केला.

"आज सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं.

"कॉफी."

"नुसती?" मी म्हणाले, आणि जीभ चावली. हो म्हणाली की दार बंद. "कुठं प्यालीस?"

"गाडीत." ती आपल्या हातांकडं बघत होती. "ऑफिसच्या पार्किंगमध्ये. वर नाही गेले. जावंसंच नाही वाटलं."

बाहेर झाडूचा आवाज येत होता, कोरडा, सावकाश. टिशूचा डबा माझ्याकडं नव्हता. मी पदराचं टोक हातात घेऊन बसले.

"आई, तुला सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली. "मालतीमावशीला सांगितलं, कारण तिच्यापुढं मला रडायला येत नाही. तुझा नुसता आवाज ऐकला असता ना..." आणि तिथंच तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी व्हायचं तसंच.

मालतीताईंचं नाव आलं तेव्हा माझ्या पोटात दुखलंच. अशा वेळीसुद्धा दुखलं. पण मी पदराचं टोक पुढं केलं. तिनं डोळे पुसले, नाकही पुसलं. समोरच्या झाडावरून एक मोठं पान सुटलं आणि गिरक्या घेत, काही घाई नसल्यासारखं खाली गेलं. आम्ही दोघींनी ते बघितलं.

"सुंदरी," रूपा म्हणाली.

मला वाटलं होतं ती विसरली.

मी पुढं वाकले. माझी मान कुठल्या बाजूला कलली होती मला माहीत नाही.

"मग?" मी म्हणाले.

ती बोलायला लागली. अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी, मला कळेल न कळेल याचा विचार न करता. ऊन तिच्या गालावरून खांद्यावर आलं, खांद्यावरून खुर्चीच्या हातावर. फ्रिज बंदच होता. दही आंबट होणार होतं. मी उठले नाही.